बिब्बा मास्तर

महाजन मास्तर आधी माणसाचे पाय बघत आणि मग, सवड असली तर, तोंड. मी नागपूरकडून बऱ्हाणपूरच्या शाळेत मराठी शिकवायला आलो, त्या दिवशी हेडमास्तरांनी माझी सगळ्यांशी ओळख करून दिली. बाकीच्या शिक्षकांनी नमस्कार केले. हे मात्र खुर्चीतून वाकून माझ्या चपलांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काढा बरं एक." मला वाटलं, वाटेत काहीतरी चपलेला लागलं असेल. मी काढली. त्यांनी माझी टाच निरखली आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात हेडमास्तरांना सांगितलं, "मऊ आहे. हा माणूस टिकत नाही." मी त्याच शाळेतून निवृत्त झालो. पण शिक्षकांच्या खोलीत शिरताना माझी बोटं चपलेत आखडायची ती कितीतरी दिवस, आणि त्याचा राग मला अजून येतो.

हे आमचे ड्रिलमास्तर. ठेंगणे, काटक, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. आणि अनवाणी. शाळेत अनवाणी, बाजारात अनवाणी, तहसीलदाराच्या कचेरीत अनवाणी, लग्नाच्या पंगतीला अनवाणी. पेटती बिडी खाली टाकून तळपायानं विझवायची हा त्यांचा नेहमीचा खेळ. समोर नवखा माणूस असला की ते मुद्दाम सावकाश विझवत आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत. त्या वेळी मात्र चेहरा बघत.

मुलं त्यांना मागून 'बिब्बा मास्तर' म्हणत. आमच्या शाळेचा फुटबॉलचा संघ अनवाणी खेळायचा. तेव्हा सगळीकडेच बहुतेक अनवाणी खेळत, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते मास्तरांचं पाय तयार करणं. बिब्ब्याचं काळं फळ दाभणाला टोचून ते दिव्यावर धरत, तेल ठिबकायला लागलं की मुलाच्या तळव्यावर फिरवत. खेड्यापाड्यात टाचेला भेग पडली तर बायका थेंबभर लावतात. मास्तर अख्खा तळवा काळा करत. बहुतेकांची कातडी त्यानं जाड व्हायची. पण बिब्बा काहींच्या अंगाला मानवत नाही, उततो. म्हणजे आग होते, फोड येतात, फोडांतून पाणी वाहतं आणि माणूस चारचार रात्री तळमळतो. ज्याला उतला तो मुलगा संघातून गेला. मास्तर त्याच्याकडे पुन्हा बघतसुद्धा नसत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मुलांना राजघाटाखाली तापीच्या वाळूत नेत. भर दुपारी. स्वतः पुढं असत, आणि पळत नसत, चालत. पळाल्यावर पाय वाळूला कमी टेकतो, ही पळवाट त्यांना मंजूर नव्हती.

"जळते का रे?" ते मागं न बघता विचारत.

"जळते, मास्तर."

"मंग जिवंत आहे पाय. चला."

एकदा एक पोरगं रडायला लागलं. मास्तरांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं. मला वाटलं, चला, माणूस आहे. त्यांनी त्याला उचलून पुन्हा जिथून निघाले होते तिथं नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून."

त्यांच्या पुतणीला स्थळ आलं होतं, रावेरकडचं, घरचं चांगलं, केळीचे मळे. मुलगा बघायला मोठी माणसं गेली त्यांत मास्तर. चहा झाला, बोलणी झाली, आणि उठता उठता मास्तर नवऱ्यामुलाला म्हणाले, "मोजे काढा." सगळ्या घराची पाचावर धारण बसली. त्यांना वाटलं, कोडबिड आहे असा संशय दिसतो. बिचाऱ्यानं काढले. मास्तर बाहेर येऊन भावाला म्हणाले, "अंगठा आत वळेल आहे. डाव्या पायानं मारता येणार नाही त्याले." त्या मुलाला केळी पिकवायची होती, कुणाला काही मारायचं नव्हतं. स्थळ मोडलं. पुतणीचं लग्न पुढं चार वर्षं जमलं नाही, आणि मास्तरांना त्याचं काहीच वाटलं नाही. गावात आम्ही सगळे हा किस्सा हसून हसून सांगत असू. पुतणी हसत नसणार.

त्यांचा स्वतःचा किस्सा एकच होता, महूच्या छावणीचा. इंग्रज होते तेव्हा गोऱ्यांच्या पलटणीविरुद्ध मास्तर खेळले होते, मोडलेल्या अंगठ्यानं. समोर सगळे बुटातले. एका गोऱ्यानं बुटानं अंगठा चेचला आणि मास्तरांनी त्याच अंगठ्यानं गोल मारला. त्या सामन्यात त्यांच्या बाजूनं भटनागर नावाचा एक जवान खेळत होता. सामना संपल्यावर हा भटनागर मास्तरांच्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "महाजन, जब मुल्क अपना होगा, तो टीम तू बनाएगा." हे वाक्य मास्तर हिंदीतच सांगत. पुढं भटनागरसाहेब देशाच्या फुटबॉल कमिटीत मोठ्या जागेवर गेले. मुलूखही आपला झाला. तिसरी गोष्ट तेवढी व्हायची राहिली होती.

ते संस्थानं विलीन होण्याचे दिवस होते. पेपरात रोज एखादा राजा सही करताना दिसायचा. आम्ही शिक्षक त्यावर तावातावानं बोलायचो. मास्तरांना त्यातलं एवढंच कळलं होतं की प्रत्येक राजाची फुटबॉलची टीम आता मोडणार आणि सगळे खेळाडू मोकळे होणार. "आता एक देश, एक टीम," ते म्हणत. "आन् तिले एक मास्तर."

अशात देशाचा संघ परदेशातून मार खाऊन परत आला. थंडी, ओलं गवत आणि अनवाणी पाय. सगळीकडे बोंबाबोंब झाली की बूट घाला. जुन्या प्रशिक्षकाला काढलं आणि लवकरच नवीन मुख्य प्रशिक्षक नेमणार असं छापून आलं. मास्तरांनी ती बातमी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचली, पेपर घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पाय मऊ होते त्यांचे. बोलावतील आता."

झालं, गावाला विषय मिळाला. बुधवाऱ्याच्या बाजारातून मास्तर जायला लागले की हलवाई दुकानातून ओरडायचा, "आओ कोचसाहब!" पानवाला सलाम ठोकायचा. एका वकिलानं भर रस्त्यात विचारलं, "मास्तर, दिल्लीच्या थंडीत तरी चप्पल घालाल ना?" मास्तर शांतपणे म्हणाले, "दिल्लीले सवय करावी लागेल." लोक पोट धरून हसले. मास्तरांना वाटलं, लोकांना आनंद झाला आहे. त्यांनी सलाम घेतले, सल्ले ऐकले, दिल्लीला गेल्यावर कुणाच्या भाच्याला संघात घ्यायचं याचे शब्दही दिले. आणि एक काळा कोट शिवून घेतला. अर्ध्या चड्डीवर कोट आणि खाली ते पाय.

आता पुंडलिकाबद्दल सांगायला हवं. पुंडलिक म्हणजे मास्तरांचा एकुलता एक मुलगा, विशीतला, तहसील कचेरीत कारकून. त्याच्यासारखा खेळणारा मी नंतर पाहिला नाही. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण पुंडलिकाच्या पायाशी चेंडू आला की माझ्यासारखा माणूससुद्धा बोलायचा थांबायचा. त्याच्यात एकच खोट होती. कातडी आईची घेतली होती. त्याला बिब्बा उतायचा. दर उन्हाळ्यात मास्तर लावायचे, दर उन्हाळ्यात उतायचा, आणि दर उन्हाळ्यात वहिनी, म्हणजे त्याची आई, त्याचे पाय परातीत खोबरेलात बुडवून बसायच्या. बाकीच्यांना मास्तर एकदा उतला की सोडून देत. मुलाला सोडत नसत. "माझ्या घरात उतते म्हणजे काय?" हे ते चारचौघांत विचारत, जणू पोरानं चोरी केली होती.

नेपानगरला तेव्हा कागदाचा कारखाना उभा राहत होता. तिथले इंजिनिअर संध्याकाळी बूट घालून फुटबॉल खेळत. पुंडलिक सुट्टीच्या दिवशी गुपचूप गाडीनं तिकडं जायचा. त्यातल्या एकानं त्याला आपले जुने बूट दिले. हे मला त्यानंच सांगितलं. वडिलांना तो नाना म्हणायचा. "सर, नानांजवळ बोलू नका. बुटात मले जास्त चांगलं खेळता येते." सांगताना तो इतका लाजला की जणू कुण्या मुलीबद्दल सांगत होता.

ते बूट मास्तरांना सापडले. ते चिडले नाहीत. त्यांनी संघाला मैदानावर बोलावलं, मैदानाच्या मधोमध पुंडलिकाला खड्डा खणायला लावला, बूट त्यात ठेवायला लावले आणि माती लोटायला लावली. मग सगळ्यांनी त्यावरून धावायचं, पुंडलिकानं सर्वांत शेवटी. त्यानंतर प्रत्येक खेळ त्या जागेवरून सुरू व्हायचा.

आणि एके दिवशी नेपानगरचा एक इंजिनिअर शाळेत निरोप घेऊन आला. भटनागरसाहेब दौऱ्यावर आहेत, नेपानगरला उतरलेत, त्यांना बऱ्हाणपूरचा खेळ बघायचा आहे. येत्या रविवारी नेपानगरच्या संघाशी सामना ठेवा. एवढाच निरोप होता. मास्तरांनी तो ऐकला आणि दोन्ही हात जोडून खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या माणसाची दया आलेली ती पहिलीच वेळ.

गावानं मात्र चेष्टा आवरती घेतली नाही, उलट थाटात केली. शामियाना लागला. हार आणवले. हलवायानं सांगितलं, कोचसाहेबांच्या नावानं मावा जिलेबीची कढई मैदानावरच लावतो. हेडमास्तरांनी भाषण लिहून काढलं. खरं झालं तर सत्कार आणि खोटं झालं तर करमणूक, गावाचं दोन्हीकडून साधणार होतं.

समोरचे बुटातले म्हणून मास्तरांनी आदल्या दिवशी घाटावर सगळ्यांच्या पायांना पुन्हा बिब्बा लावला. पुंडलिक पाय मागं घेऊन म्हणाला, "नाना, उद्या खेळायचं आहे. मले उतते."

"पायाले उतते," मास्तर म्हणाले. "तुले नाही." आणि त्याच्या तळव्यांवर दोनदा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी परातीपाशी बसल्या होत्या. पुंडलिकाचे पाय घोट्यापर्यंत सुजले होते आणि तळव्याला द्राक्षाएवढे फोड. "उतला हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सांगा ना यायले. तुमचं ऐकतील." मास्तर आरशासमोर कोट घालत होते. मी म्हटलं, "मास्तर, पोराला आज राहू द्या. डॉक्टरला दाखवू."

"त्याच्याबिगर हरू," ते आरशातच बघून म्हणाले. "हरलेल्याले कोण नेमते?"

मी पुंडलिकाकडे बघितलं. तो म्हणाला, "खेळतो, सर. नानांचं एकदाचं होऊन जाऊ द्या."

वहिनींनी जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या तेलात भिजवून त्याच्या पायांना बांधल्या. त्या पट्ट्यांनिशी तो मैदानापर्यंत आला. मैदानाच्या कडेला चुन्याच्या फक्कीच्या रेघेजवळ मास्तर खाली बसले, साऱ्या गावासमोर त्यांनी मुलाचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि पट्ट्या उलगडल्या. "पट्टी म्हणजे बूटच," ते म्हणाले. पट्टीबरोबर फोड फुटले. पुंडलिकानं बापाचा खांदा धरला होता. तेवढंच.

सामना मी पाहिला असं म्हणवत नाही, मी त्याचे पाय पाहत होतो. सुरुवातीला तो दोनदा पडला. मग उठून जो खेळला ते गावात अजून सांगतात. नेपानगरचे बूट त्याच्या बोटांवर पडत होते आणि चेंडू त्याच्याकडून जात नव्हता. कोपऱ्यातून चेंडू मारायला तो गेला, तिथं चुन्याची फक्की जाड पडली होती. सोललेला पाय त्या चुन्यावर टेकताना त्यानं आभाळाकडे तोंड केलं. लोकांना वाटलं, देवाचं नाव घेतो आहे. टाळ्या पडल्या. दोन्ही गोल त्याचेच. आम्ही जिंकलो.

बँड वाजला. लोक मैदानात घुसले. कोट घातलेले मास्तर मुलाचा दंड धरून त्याला शामियान्यात भटनागरसाहेबांसमोर घेऊन आले, छाती काढून उभे राहिले आणि जन्मभर साऱ्या जगाला म्हणत आले तेच म्हणाले.

"पाय दाखव साहेबांना."

पुंडलिकानं खुर्ची धरून पाय वर केला. तळव्याची कातडी सुटून लोंबत होती. खाली माती, चुना आणि मांस. भटनागरसाहेब खुर्चीतून उठले.

"महाजन, ये क्या है?"

"पक्का किया, साहब. फिर भी दो गोल मारे."

"इसके बूट कहाँ हैं? पिछले दौरे में नेपानगर में मैंने इसे बूट में खेलते देखा था."

"गाड दिये."

भटनागरसाहेबांनी त्या पायाकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, "मैं इसी को लेने आया था. देश के कैंप के लिए. कल गाड़ी में साथ ले जाता."

शामियान्यातला गोंगाट थांबला. मागं कढईत जिलेबी तळल्याचा आवाज तेवढा येत होता. कुणीतरी डॉक्टरला हाक मारायला धावलं. आता मास्तर मुलाकडे बघतील, असं मला वाटलं. त्यांनी कोट नीट केला आणि विचारलं, "और कोच?"

"वो तो कब का तय हो गया, भाई. एक रियासत के कप्तान साहब हैं. रियासत रही नहीं, उन्हें कहीं तो बिठाना था. बूट का खेल जानते हैं."

"बूट का?" मास्तर म्हणाले.

बायकांच्या बाजूनं वहिनी तेलाची वाटी घेऊन मैदान तुडवत आल्या. त्या मैदानावर त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पुंडलिकाला त्यांनी खाली बसवलं, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता कोणाले खेळवता?"

हारांचं काय करायचं हा प्रश्न होता. हेडमास्तरांनी ते भटनागरसाहेबांच्या गळ्यात घातले. जिलेबी गरम होती, ती लोकांनी खाल्ली. चांगली झाली होती, असं दुसऱ्या दिवशी मला तिघाचौघांनी सांगितलं.

पुंडलिकाचे पाय पिकले. खांडव्याच्या दवाखान्यात एका पायाची बोटं काढावी लागली, दुसऱ्याचा तळवा आखडून गेला. शाळेनं पुढच्या वर्षी दुसरा ड्रिलमास्तर ठेवला आणि मुलांना बूट सक्तीचे केले. पहिल्या दिवशी त्या नव्या मास्तरांनी मैदान खणून सपाट करून घेतलं, तेव्हा मधोमध पुंडलिकाचे बूट निघाले. ते कुणी नेले कोण जाणे. गाव मात्र महाजन मास्तरांना 'कोचसाहेब' म्हणायचं थांबलं नाही. आधी चेष्टेत म्हणत, आता सवयीनं, आणि तेही आधीसारखाच सलाम घेत. त्यांना बघून वाट बदलणारा मी एकटाच असेन, आणि तेही दयेपोटी नाही. मला ते पाय बघायचे नव्हते.

निवृत्त झाल्यावर निरोपसमारंभात मला शाळेनं शाल दिली, आणि बायको म्हणाली, आता एक चांगला बूटही घ्या. बुधवाऱ्यात पुंडलिकानं मामाच्या मदतीनं पादत्राणांचं दुकान टाकलं होतं ते मला माहीत होतं. आत कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो.

पुंडलिक गल्ल्यावर होता, केस पिकलेले. "या सर, बसा," तो प्रेमानं म्हणाला. मग त्यानं आवाज न बदलता आत हाक मारली, "नाना, गिऱ्हाईक."

आतून महाजन मास्तर आले. अंगात तोच काळा कोट, कोपरांवर दुसऱ्या रंगाची ठिगळं. दुकानात अनवाणी फिरायचं नाही असा मुलाचा नियम असावा, कारण पायांत रबरी चपला होत्या. ते माझ्यासमोर लाकडी फळीवर बसले, माझी चप्पल काढली आणि पाय हातात घेतला. अंगठ्यानं टाच दाबली. मला वाटलं, ओळखलं नाही.

"मऊच राह्यली," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

"नाना, सरांना काळा दाखवा," पुंडलिक म्हणाला. "वरच्या खणात आहे. थांबा, तुम्हाले पुरणार नाही हात. मीच काढतो."

तो गल्ल्यावरून उठला आणि भिंत धरून चालायला लागला. एक पाय टाचेवर टेकायचा, दुसरा कडेवर. पायाखालच्या फळ्या वाजत होत्या, एकदा जड, एकदा हलक्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. मीही बघत होतो. मास्तर बघत नव्हते. आवाज दुकानाच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत त्यांनी माझा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता आणि मान खाली घातली होती.

खोका आला. मास्तरांनी बूट चढवला, नाडी ओढून बांधली आणि हलक्या हातानं टाचेवर थापटलं.

"उठून चालून बघा," ते म्हणाले.